केळुस्करांची फियाट

टाळ्या थांबल्या आणि संयोजकांनी केळुस्करांच्या हातात ब्रश दिला. टेबलावर जुन्या घाटाच्या फियाट मोटारीची वीतभर लांबीची प्रतिकृती होती. ती त्यांनी सगळ्यांसमोर रंगवून दाखवायची होती.

पहिल्या रांगेत त्यांच्या बायको, शैलाताई, खुर्चीच्या कडेवर सरकून बसल्या. कंपवातानं नवऱ्याचे हात दोन वर्षं थरथरत होते. तेव्हापासूनच्या सगळ्या छोट्या मोटारी दार लावून शैलाताईंनीच जोडल्या, रंगवल्या होत्या. "कुणाला कळता कामा नये," असं केळुस्करांनी बजावलं होतं. बक्षिसं मात्र त्यांच्या नावावर येत राहिली, आणि आज नाही म्हणायला सबब उरली नव्हती.

केळुस्करांनी टेबलामागच्या खुर्चीत बसून ब्रश रंगात बुडवला. टपावर टेकवताच लाल रेघ घसरत काचेवर गेली. मागे कुणीतरी हसलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि माइक दोन्ही हातांनी धरला.

"हे आता मला जमत नाही. दोन वर्षांतल्या सगळ्या गाड्या हिनं केल्यात. बक्षिसं मी घेत होतो."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. शैलाताई तावातावानं मंचावर चढल्या.

"आज सगळं सांगून टाकणार आहात, हे निदान मला तरी आधी सांगायचं!"

"मलाच कुठं ठाऊक होतं?" ते म्हणाले आणि खुर्ची सोडून उभे राहिले.

शैलाताई क्षणभर त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग बसल्या. काचेवरचा रंग पुसून त्यांनी संयोजकांकडे पाहिलं.

"तो दिवा जरा इकडे वळवा. मला उजेड लागतो."