पन्नासवरचा काटा

“मावशी, काटा पन्नासवरच होता,” मल्हारी म्हणाला. “खोटं सांगत नाय. पन्नासच्या वर जराबी गेला न्हवता.”

घाटी दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर दगडाबाई पडून होती. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापला होता. तिथून पुढं चादर सपाट होती आणि मल्हारीची नजर फिरून फिरून तिथंच जात होती. त्याच्या मागं कमरोद्दीन मिस्त्री मोसंब्यांची पिशवी धरून उभा होता. कंपनीच्या बस तोच दुरुस्त करायचा. मल्हारीला एकट्यानं यायचं धाडस होईना, म्हणून त्यानं मिस्त्रीला सोबत चल म्हटलं. मिस्त्री दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा गुपचूप निघाला.

मल्हारी अकरा वर्षं लासूर स्टेशनहून वाळूजला कामगारांची बस आणत होता. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी कंपनीनं सगळ्या बसना नवे मीटर बसवले. काट्यामागं कागदाची चकती फिरायची आणि गाडी किती वेगानं पळाली ते तिच्यावर उमटायचं. मर्यादा पन्नासची. ओलांडली की दुसऱ्या दिवशी साहेबाचं बोलावणं ठरलेलं. ड्रायव्हर लोकांचं डोकंच फिरलं. चहाच्या टपरीवर रोज तोच वाद. सखाराम म्हणायचा, “पोलीससुद्धा दहापर्यंत काय बोलत नाय, मग कंपनीला काय धाड भरली?” बन्सीचं म्हणणं, उतारावर गाडी आपोआप पाचनं चढते, निदान तेवढी तरी सूट द्या. साहेबानं ती दिली नाही.

मल्हारीचं मात्र पन्नास म्हणजे पन्नास. “पाचाची सूट दिली की पंचावन्न हीच मर्यादा झाली. मग तुमी साठाची मागताल,” असं म्हणून तो बशीतला चहा ओढायचा. मंडळी त्याला ‘मास्तर’ म्हणून चिडवायची.

महिन्याभरात सगळ्यांच्या चकत्या पन्नासच्या आत यायला लागल्या. मल्हारीला वाटलं, गडी सुधारले. नवल एवढंच की, तरी ते त्याच्या दहा मिनिटं आधी पोचायचे. साहेब आता मल्हारीलाच विचारायचा, सगळे पन्नासवर चालवतात, मग तुलाच उशीर कसा होतो?

मग तो सोमवार आला. सकाळची पाळी. आदल्या दिवशीच सर्व्हिसिंग झालं होतं, गाडी हलकी पळत होती. ओढ्यावरची मोरी ओलांडली आणि समोर रस्त्यात मेंढरं दिसली. मेंढरांमागं दगडाबाई. मल्हारीनं ब्रेक दाबला. तेवढ्या अंतरात गाडी आजवर शंभरदा थांबली असेल. त्या दिवशी थांबली नाही.

चौकशीत साहेबानं चकती काढून पाहिली. पन्नास. कागदावर लिहिलं गेलं, ड्रायव्हरचा दोष नाही, बाई अचानक आडवी आली. “सुटलास, मास्तर,” म्हणत सखारामनं पाठ थोपटली. पन्नासवरची गाडी कुठं थांबते हे मल्हारीला झोपेतही सांगता आलं असतं. थांबली नाही, म्हणजे आपलाच पाय उशिरा पडला. म्हाताऱ्या बाईचा पाय आपण घेतला आणि वर कागदानं तिलाच दोषी केलं, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

“चूक माझी हाय, मावशी,” तो म्हणाला. “माझा पाय उशिरा पडला. उद्या लायसन देऊन टाकतो. बापासारखी मेंढरं राखीन, पण गाडीला हात लावणार नाय.”

दगडाबाईनं उशीवरच मान हलवली.

“तू कशाला नोकरी सोडतो, बाबा? अंदाज माझा चुकला. तुझ्या काचेला भंडाऱ्याचा पट्टा हाय, लांबून वळखू येतो. बाकीच्या बस येड्यावानी येत्यात. त्या दिसल्या की मी कळप धरून ठेवते. तुझी गाडी मोरीवर दिसली की बिनघोर निघते. शेवटली मेंढी पार होऊन मी तंबाखू मळते, तवा कुठं तू येतो. इतकी वर्सं कधी चुकलं नाय. आता डोळं गेलं, दुसरं काय? सुनंला सांगितलं, मला आता कळपामागं धाडू नको.”

मल्हारीला तिच्याकडं बघवेना. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं खाटेची कड घट्ट धरली आणि तिथंच खाली बसला.

कमरोद्दीननं पिशवी स्टुलावर ठेवली.

“मावशी, तुमचे डोळे चांगले हायेत,” तो म्हणाला. “याचा पाय बी वेळेवर पडला.”

मल्हारीनं मान वर केली.

“बाकीच्यांच्या मीटरला मी कवाच हात लावलाय,” मिस्त्री त्याच्याकडं न बघता बोलत राहिला. “तुझ्या उशिरामुळं साहेबाला शक येईल म्हणून समदे माझ्या मागं लागले, याची बी गाडी करून टाक. तुला इचारलं असतं तर तू करू दिलं नसतं. म्हणून इचारलंच नाय, सर्व्हिसिंगला आली तवा करून टाकलं. सोमवारी तू साठवर होता, मल्हारीभाऊ. काट्याला पन्नास दाखवायला मी लावलं होतं.”