दोन्ही हात वर

"ओस्वाल्दोला बसवतोय मी. त्याच्या जागी नवा पोरगा बॅटिंग करेल," बेसबॉल संघाचा मॅनेजर बर्डिक म्हणाला आणि तोंडातली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकला. "वरून फोन आलाय. ओस्वाल्दोचं खेळणं संपलं. मॅच झाली की सांगू त्याला, तोवर तोंड बंद ठेव, लोवेल. आणि नंतर तूही ये माझ्या खोलीत."

हे सगळं तो लोवेलच्या बुटांकडे बघत बोलला. लोवेलला वाटलं, रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायला कोणीतरी हवं असेल. असल्या वेळी बर्डिकला नेहमीच कोणीतरी लागायचं.

लोवेल हॅस्किन्स ओस्वाल्दोकडे वळला. पण पंच हाका मारत होता. आपल्या संघाची बॅटिंग आली की लोवेलची जागा तिसऱ्या बेसजवळ, चुन्याने आखलेल्या चौकोनात. तिथून पळणाऱ्यांना सांगायचं, पळत राहा की थांब. ओरडून काही उपयोग नसतो, गलक्यात कोणाला ऐकू जाणार? सगळं हातांनीच बोलायचं. तो मुकाट्याने जाऊन उभा राहिला.

उभा जन्म त्याने असल्या लहान गावांच्या मैदानांवर काढला होता. दुसरा बेस म्हणू नका, तिसरा म्हणू नका, जिथे भगदाड पडेल तिथे लोवेलला उभं करायचं. वरच्या लीगने त्याला कधी विचारलंसुद्धा नाही. गुडघे गेले तेव्हा कोचाची टोपी मिळाली, आणि मिळाला ओस्वाल्दो. डॉमिनिकन पठ्ठ्या. अंगावर आलेला चेंडू असा उचलायचा की बघत राहावं, बॅट मात्र यथातथाच. चौतिशी उलटली तरी खालीच सडत होता बिचारा.

"तुला वर पाठवल्याशिवाय ही टोपी उतरवायचा नाही मी," लोवेल त्याला म्हणायचा. सगळ्या संघाला हे वाक्य पाठ झालं होतं.

"मग म्हाताऱ्या, टोपीसकट पुरावं लागणार तुला," ओस्वाल्दो हसायचा.

आता पलीकडे डगआउटमध्ये, खेळाडूंच्या त्या छपराखाली, बर्डिकने ओस्वाल्दोच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. ओस्वाल्दोने बॅट खाली ठेवली. नवा पोरगा हेल्मेट चढवून बाहेर आला.

आणि मिठ्या सुरू झाल्या.

अरे देवा! लोवेलच्या लक्षातच आलं नव्हतं. दुखलंखुपलं नसताना खेळाडूला मधूनच बसवलं की पोरं एकच अर्थ काढतात. याला वरून बोलावणं आलंय, म्हणून आता जपताहेत. मग जो तो उठून त्याला कवटाळतो. कॅचरने तर ओस्वाल्दोला उचलूनच घेतलं. कोणी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. उद्या या सगळ्यांसमोर त्याचं तोंड कसं होईल, या विचाराने लोवेलचा जीव कासावीस झाला. चौकोन सोडून जाता येत नव्हतं. न राहवून त्याने दोन्ही हात वर केले, तळवे डगआउटकडे. थांबा!

नेमक्या त्याच क्षणी नव्या पोराने चेंडू लांब मारला. दुसऱ्या बेसवरचा आपला गडी सुसाट निघाला होता. त्याने लोवेलचे हात बघितले आणि तिसऱ्या बेसवर कचकन थांबला.

"कोच, काय हे! डोळे मिटून धाव पुरी केली असती की मी!"

"घरी जा रे थेरड्या!" प्रेक्षकांतून आरोळी आली. बर्डिकने मान फिरवली.

पलीकडे ओस्वाल्दोनेही लोवेलकडे बघत दोन्ही हात वर केले. एवढ्या लांबून तो हसतोय की काय, ते काही दिसेना.

तो गडी तिसऱ्या बेसवरच अडकून राहिला आणि डाव संपला. लोवेल तडक आत गेला, ओस्वाल्दोला दंडाला धरून डगआउटमागच्या बोळात घेऊन आला.

"ऐक पोरा. तुला वर बोलावलेलं नाही. संपलं रे सगळं."

"माहीत आहे. बर्डिकला मॅच संपेपर्यंत राहवलं नाही, तेव्हाच कानात सांगितलं."

"मग त्या मिठ्या कशाला मारू दिल्यास?"

"कोणी विचारलंच कुठे? येऊन गळ्यातच पडले." ओस्वाल्दोने बाहीने नाक पुसलं. "आणि खरं सांगू? बरं वाटत होतं."

लोवेलने त्याचा दंड सोडला. "मी तुझ्यासाठी काही करू शकलो नाही रे."

ओस्वाल्दो त्याच्या बुटांकडे बघू लागला. "तुला काहीच बोलला नाही तो?"

"मॅचनंतर खोलीत ये म्हणालाय."

"लोवेल." 'म्हाताऱ्या' सोडून त्याने पहिल्यांदाच नाव घेतलं होतं. "त्यांनी मला कोच केलंय. उद्यापासून तिसऱ्या बेसपाशी मी."

लोवेलला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तू हो म्हणालास?"

"दुसरं काय येतं मला?"

लोवेलला तरी दुसरं काय येत होतं? त्याचे हात नुसते लोंबत राहिले. मग त्याने पुढे होऊन ओस्वाल्दोला घट्ट मिठी मारली, आणि दोघंही रडायला लागले.

मैदानात उतरायला निघालेली पोरं बोळाच्या तोंडाशी गोळा झाली होती. त्यांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. कॅचर तर आनंदाने ओरडलाच, "उतरव आता ती टोपी, कोच! पाठवलंस की नाही त्याला वर!"