पहिला खडा

"यात मीठ नाय, म्हंजे यात काय पन नाय," म्हणत काळुरामने चटणीची वाटी दूर सारली.

गोदाने ती पुन्हा ताटाजवळ ठेवली. आज लसूण आणि भाजलेली सुकी मिरची वाटून वर लिंबू पिळलं होतं. काल आलं-कोथिंबीर होती. बायको हट्टाने रोज नवं काहीतरी वाटायची आणि नवरा हट्टाने रोज नावं ठेवायचा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे पाय टम्म सुजले, तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरने मूत्रपिंडं थकल्याचं सांगितलं. मीठ, लोणचं, पापड, सुकट, सगळं बंद; नाहीतर गाठ मरणाशी. त्याला आठ महिने झाले. सूज उतरली, काळुरामचा राग काही उतरला नाही.

"इंग्रज गेला, मिठावरचा कर गेला, आनि आता हा डॉक्टर माझं मीठ बंद करतोय! तुझं बरं हाय गोदे. चुलीमागं बसून लोणचं चाटतेस."

गोदाने टोपली उचलली आणि ती त्याच्या मागोमाग निघाली.

कोपरीच्या मिठागरात आज हंगामाचा पहिला ढीग उचलायचा होता. चाखणाऱ्याने "उचला" म्हटल्याशिवाय टोपली हलत नसे, आणि चाखण्याचा मान काळुरामच्या घराण्याचा. चौदा वाफ्यांचे चौदा खडे. तेही गिळायचे. ज्या मिठावर वर्षाचं पोट भरायचं, ते थुंकायचं कसं? काळुरामला सगळं ठाऊक होतं. मान सोडून जगण्यापेक्षा मीठ खाऊन मेलेलं बरं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

गुणाजी मुकादमाने पहिला खडा तळहातावर धरला. काळुरामने हात पुढे केला. त्याआधीच गोदाने तो उचलून तोंडात टाकला.

गुणाजी ओरडला, "अगं, बाईनं चाखायचं नसतं!"

"डोक्यावर मिठाच्या टोपल्या चालतात, आनि जिभेवर खडा चालत नाय?"

काळुरामचं डोकं भणाणलं. चारचौघांत बायकोने त्याची अब्रू काढली होती. गोदाने डोळे मिटून खडा विरघळवला, गिळला आणि ती म्हणाली, "उचलू नका. कडू हाय. खालचं पानी निथळलं नाय अजून."

माणसं हसली. गुणाजीने एक खडा चाखला. "मना तर झ्याक लागतंय." मग दुसरा चाखला, बराच वेळ घोळवला. हळूहळू त्याचं तोंड वाकडं झालं.

"हाय," तो पुटपुटला. "शेवटाला कडवट हाय."

हसणं थांबलं. काळुराम गोदाकडे बघत राहिला. ही चव ओळखायला त्याला बापाच्या हाताखाली दहा वर्षं लागली होती.

"गोदे, तुला कशी कळली?"

गोदाने पदराने तोंड पुसलं आणि टोपली पालथी घालून ती त्यावर बसली.

"आठ म्हयन्यांनी मीठ जिभेला लागलं. मंग कळंल नाय तर काय?"