पाण्याच्या उलट आलेली कार्डं

"पाणी फिरून दोन महिने झाले, बाई," पिवळं कार्ड टेबलावर टाकत साहेब म्हणाले. "आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच्या या आजोबांना अजून कार्डं सापडताहेत. उलटं पोहून आणतात की काय?"

सामुद्रधुनीतलं वरचं पाणी सहा महिने या समुद्रातून त्या समुद्रात जातं, आणि वारा फिरला की सहा महिने तिकडून इकडे येतं. त्याचा माग काढायला ऑफिसची बोट नंबर घातलेली कार्डं पाण्यात सोडते. ज्याला सापडेल त्यानं जागा, तारीख लिहून टपालात टाकायचं. मग त्याला आभाराचं छापील पत्र जातं, खाली बाईंची सही. बावीस वर्षं बाई हेच करत होत्या.

त्यांनी नंबर ताडून पाहिले. आजोबांची नऊच्या नऊ कार्डं वारा फिरण्याआधी एकाच दिवशी सोडलेली होती. पलीकडच्या किनाऱ्याला ती एकगठ्ठाच लागली असणार. आजोबा त्यावर ताज्या तारखा घालून आठवड्याला एक पाठवत होते. पुरवून पुरवून.

कार्डाची अवस्था लिहायला एक चौकट असते. तिथे आजोबा लिहीत, 'कार्ड ठीक. गुडघा दुखतो.' परवाच्या कार्डावर होतं, 'कार्ड ओलं. मागच्या पत्रावरची सही थरथरली होती. ताप होता का?'

ताप होता. ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

साहेबांचंही चूक नव्हतं. प्रवाहांचा नकाशा आज छपाईला जायचा होता, आणि या तारखा धरल्या तर अख्खा समुद्र उलटा वाहताना दिसला असता. नोंदी खोडा, नाव यादीतून काढा, पत्र बंद, असं त्यांनी सांगितलं. नुसतं समजावून बघू या का, असं बाईंनी विचारून पाहिलं.

"खोटी तारीख घालणाऱ्याला पत्र जात नाही, बाई. नियम तुम्हीच मला शिकवलात."

बाईंनी पट्टी लावून नऊ नोंदी खोडल्या. पाण्याच्या बाबतीत खोटं त्यांनाही खपत नसे. यादीतलं नावही खोडलं. साहेब जेवायला गेल्यावर त्यांनी साधा कागद घेतला.

'कार्डं सगळी एकदमच मिळाली होती ना? आता ऑफिसचं पत्र यायचं नाही. ताप उतरला. गुडघा शेकत जा. मला लिहायला कार्ड सापडायलाच हवं असं नाही.'

खाली घरचा पत्ता लिहायला घेतला. घर नंबर झाला, गल्ली झाली. पिनकोड काही केल्या आठवेना; तो कुणाला लिहून द्यायची वेळच कित्येक वर्षांत आली नव्हती. शेवटी पर्समधलं विजेचं बिल काढून त्यांनी तो त्यावरून उतरवून घेतला.