उरलेले चार जलचर

"तुमच्या खात्यानं माझ्या भिंतीची वाट लावली. वर हातातलं कामही घालवलं. याचा जाब कुणाला विचारायचा?"

शिवणवाल्या बाई अजून खुर्चीवर बसल्यासुद्धा नव्हत्या. घरदुरुस्ती खात्याच्या साहेबांनी तोंडाजवळ नेलेला चहा खाली ठेवला. या खुर्चीत येऊन त्यांना जेमतेम पंधरवडा झाला होता, पण तेवढ्यात एक गोष्ट त्यांना कळून चुकली होती. सरकारी वसाहतीतून जो येतो, तो गळती घेऊनच येतो.

"कुठली भिंत?"

"आतल्या खोलीची. वरच्यांच्या न्हाणीघराखालची."

"म्हणजे पाण्याचीच भानगड."

"पाण्याचीच. दुसरं काय असणार?"

शेजारच्या टेबलावरून हेडक्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "बाई, इथं सगळं नंबरानं होतं."

"नंबर लावून लावून माझी सासू म्हातारी झाली," बाई म्हणाल्या. "आणखी कुणाला म्हातारं करायचंय?"

क्लार्कनं मान आणखी खाली घातली. या खात्याला वेळेचं भान असं कधी नव्हतंच. लोक दारात उभे असतात तेव्हा हे ढाराढूर, आणि कधीतरी जाग आली की कुणाला न विचारता हातोडे घेऊन निघाले.

बाईंनी पिशवीतून काळ्या अस्तराचा तुकडा काढला आणि साहेबांच्या टेबलावर पसरला. त्यावर शिंप्याच्या पांढऱ्या खडूनं काढलेला ऑक्टोपस होता. एक हात जाड, दुसरा बारीक, कडा पुसट. जणू आत्ताच त्यानं अंग पसरायला घेतलंय.

साहेब खुर्चीतून पुढं वाकले. "हे तुम्ही काढलंय?"

"मग काय तुमच्या क्लार्कनं?"

मुलांच्या दवाखान्याच्या लांबलचक बोळात बाईंचे असे आठ जलचर लागले होते; हा ऑक्टोपस त्यातल्याच एकाचा पहिला खर्डा. बारा हवे होते. तिथल्या डॉक्टरीणबाई ब्लाउज शिवून घ्यायला आल्या, मशीनवर पडलेलं एक चित्र त्यांनी पाहिलं आणि तिथल्या तिथं काम सांगून टाकलं. सुईच्या भीतीनं कुणाला जवळ न येऊ देणारी एक चिमुरडी परवा भिंतीवरच्या पाकट माशाचं शेपूट धरून उभी राहिली, आणि नर्सनं तेवढ्यात काम उरकलं. बाई तिथंच स्टुलावर चढून खिळा ठोकत होत्या. नर्स त्या मुलीला म्हणाली, "बघ, या चित्रकार मावशी." आयुष्यभर लोकांच्या बाह्या उसवणाऱ्या बाईंना हे नवं होतं. त्या घरी येईपर्यंत रस्ताभर हसत होत्या.

"सोमवारी उरलेले चार दिले नाहीत तर ते छापील कार्टून चिकटवणार आहेत," बाई म्हणाल्या. "आणि माझ्याच्यानं एक रेघ ओढवत नाहीये. तुमच्या कृपेनं."

"तेही खरंच. असल्या घरात कुणाचं काम होणार!" साहेब हळहळले. "शिकलात कुठं?"

"कुठं शिकणार? कापडावर खडू फिरवता येतो, एवढंच."

"समुद्र तरी पाहिलाय?"

"सवड कुणाला होती?"

"मग हे सगळं सुचतं कुठून?"

"घरी येतात," बाई सरळ म्हणाल्या. "समोर काही असल्याशिवाय माझा हात चालत नाही, साहेब."

कलावंत असंच काहीबाही बोलतात, हे साहेबांनी ऐकलेलं होतं. ते हसले. पण त्या ऑक्टोपसवरून त्यांची नजर हटेना. शेवटी ते उठले. "चला. मीच बघतो."

हेडक्लार्कचं पेन थांबलं. या कचेरीतून साहेब स्वतःहून उठून कुणाच्या घरी गेल्याचं त्याला आठवत नव्हतं.

वाटेत साहेबांना जोर चढला. "तुम्ही निश्चिंत राहा. ती भिंत माझ्यावर सोपवा. सोमवारच्या आत पूर्वीसारखी करून देतो."

बाई चालता चालता थांबल्या. "पूर्वीसारखी?"

"अगदी पूर्वीसारखी."

"शब्द देताय?"

"दिला."

बाईंचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल पडला. त्या एवढ्या भराभर चालायला लागल्या की साहेबांना जवळजवळ पळावं लागलं.

दारातच सासूबाई उभ्या होत्या. "साहेब, हिचं काही ऐकू नका हो! आम्हाला या घरात राहायचंय."

"आई, तुम्ही मध्ये पडू नका."

"मध्ये पडू नको तर काय करू? हिचं डोकं फिरलंय!"

सासू-सुनांच्या मध्ये पडून कुणाचं भलं झालंय? साहेब बूट काढून आतल्या खोलीत गेले. खिडकीजवळ मशीन होतं, मशीनवर काळ्या अस्तराचे चार कोरे तुकडे घडी घालून ठेवलेले. समोर ती भिंत. साहेबांनी जवळ जाऊन तिच्यावर तळहात टेकवला, मग दुसरीकडं टेकवला, मग बोटानं वाजवून पाहिलं.

नवा गिलावा. नवा पांढरा रंग. भिंत ठणठणीत कोरडी होती.

"बाई, अहो, ही तर..."

"मी दवाखान्यात चित्रं लावायला गेले आणि तुमच्या माणसांनी मागं डाव साधला." बाई भिंतीवर बोट ठेवत चालल्या. "इथं ओलीत ऑक्टोपस उमटला. इथं पाकट. आणि इथं देवमाशाचं नुसतं शेपूट आलं होतं, पोट यायचं बाकी होतं. वरच्या वहिनींना विचारलंय, त्यांची काही हरकत नाही. आता बोला साहेब, पाइप कधी फोडताय?"