जाड पिन

“ॲम्प चालू आहे?” दार उघडल्या उघडल्या बाहेर उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलं.

“हो ना, ऐकू येतोय ना बझ? तुम्ही इलेक्ट्रिशियन ना, काका? वॉचमननं पाठवलं?”

“आधी भिंतीवरचं बटण बंद कर. ॲम्पला हात लावू नकोस.”

आरोहीला हसूच आलं. वॉचमनला निरोप देऊन दहा मिनिटं झाली नव्हती. पेणकरपाड्यात दहा मिनिटांत इलेक्ट्रिशियन येणं म्हणजे लॉटरीच! मग तो जरा हुकूम सोडतोय, तर सोडू दे. तिनं बटण बंद केलं.

चार वाजले होते. सहाच्या आत तिला बेस गिटारचा एक ट्रॅक पुण्याच्या एका बँडला पाठवायचा होता. बँडच्या निवडीत शेवटच्या तिघांत तिचं नाव आलं होतं. दोन वर्षं कॉल सेंटरमध्ये लोकांच्या शिव्या खाल्ल्यावर ही एवढी एकच संधी दारात आली होती. आणि सकाळपासून प्रत्येक टेकमध्ये गिटारच्या मागे ॲम्पमधून येणारा तो बझ, कानाशी माशी घोंघावल्यासारखा. तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

काका साठीचे असावेत. नाव विचारलं तर आडनाव न लावता नुसतं “बाळा” म्हणाले. ॲम्पकडे न बघता ते आधी त्याच्या प्लगपाशी जाऊन बसले. प्लगला दोनच पिना होत्या. तिसरी, वरची जाड पिन, मुळापासून कापलेली. तो प्लग ते बराच वेळ तळहातावर घेऊन बसले.

“गिटारच्या तारांना बोट लावलं की मुंग्या येतात?”

“कधी कधी. परवाच आणलाय ॲम्प, सेकंड हँड.”

“परवा,” काका म्हणाले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. “ही जाड पिन म्हणजे अर्थिंग. आत काही बिघडलं तर करंट इथून जमिनीत पळतो. पिन नसली की तो गिटारच्या तारेत येतो, तारेतून आपल्या बोटांत. माणूस जागच्या जागी संपतो.”

“पण नेटवर लिहिलंय, पिन काढली की बझ जातो.”

“कधी कधी जातो. म्हणून तर काढतात लोक.”

आरोही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ॲम्पच्या मागच्या बाजूला वाकली.

“वरचा स्क्रू फिरणार नाही. खालून उघड.”

ॲम्प खालून उघडला. आत एका वायरचं कव्हर वितळलं होतं आणि ती मधूनच पत्र्याला टेकत होती. काकांनी ती कापून नवी जोडली. मग पिशवीतून तीन पिनांची कोरी कॉर्ड काढून बसवायला घेतली. आरोहीचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

“काशीगावच्या एका काकूंनी विकला,” गप्प बसवेना म्हणून ती बोलली. “मुलगा आता वाजवत नाही म्हणाल्या. पिन त्यानंच उडवली असणार. काय डोकं म्हणायचं!”

“पोरं काय, नुसती सांगतात. बझ येतोय, घालवा.”

पाच वाजले. हॉलच्या सॉकेटमध्ये काकांनी अर्थिंग तपासायला टेस्ट लॅम्प लावला. तो पेटला नाही. अर्थिंगची वायर कुणी जोडलीच नव्हती.

“काका, असू दे ना. एकच टेक घेते, पाच मिनिटं फक्त.”

“नाही म्हटलं ना!”

ते एवढ्या जोरात ओरडले की ती दचकली. मग तिला राग आला आणि रागामागून रडू. “चान्स गेला तर तुम्ही आणून देणार आहात का?”

“चान्स परत मिळतो, पोरी,” काका हळू आवाजात म्हणाले आणि टेस्ट लॅम्प घेऊन स्वयंपाकघरात गेले.

फ्रिजच्या सॉकेटवर दिवा लख्ख पेटला. फ्रिजचा प्लग काढून त्यांनी तिथून हॉलपर्यंत एक्स्टेंशन ओढलं. ॲम्प, रेकॉर्डिंगचा डबा, सगळं त्या एकाच बोर्डावर घेतलं. दोन ठिकाणी लावलं तर बझ पुन्हा येतो, म्हणाले. ॲम्प चालू केला, तारांना आधी स्वतःचं बोट लावून पाहिलं. मग तिच्याकडे बघून मान हलवली.

बझ निम्मा झाला होता.

“लॅपटॉपचा चार्जर काढ. बॅटरीवर चालव. आणि ती ट्यूबलाइट बंद कर.”

आणि बझ गेला. एवढी शांतता त्या खोलीत आरोहीनं कधी ऐकली नव्हती. तिनं गिटार घेतली. तिसरा टेक असा लागला की तिचं तिलाच भरून आलं. काका भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. बेस ऐकून रडणारा इलेक्ट्रिशियन तिनं पहिल्यांदाच पाहिला.

पावणेसहाला ट्रॅक गेला. “काका, तुम्ही देवासारखे आलात,” ती म्हणाली, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“मॅडम, मैं जितेश, इलेक्ट्रिशियन. वॉचमनने बोला था, बझ का काम है. सॉरी, लेट हो गया. अभी आऊँ?”

आरोहीनं फोन खाली केला. “काका, तुम्हाला वॉचमननं नाही पाठवलं?”

“नाही. बायकोच्या फोनमधून तुझा पत्ता काढला. ॲम्प विकल्याचं तिनं आज सांगितलं मला.”

“म्हणजे काशीगावच्या त्या काकू…”

“आमच्या रोहितला जाऊन सात महिने झाले. ओल्या हातानं गिटार धरली म्हणून बायको अजून त्यालाच दोष देते.” काकांनी पिशवीची चेन लावली, पण उठले नाहीत. “पिन मी कापली होती, पोरी.”