जोड

"काका, चासी पार गंजून गेलीय," टेम्पोखालून बाहेर येत नझीर मिस्त्री म्हणाला. "वेल्डिंग करून जोड मारला तर वर्षभर काढेल. नवी टाकली तर दहा वर्षं बघायला नको. बोला, काय करू?"

हर्णै बंदरातून मासळी वाहताना बर्फाचं खारं पाणी झिरपून भिकाजीच्या टेम्पोचा सांगाडा सडला होता. तो काय उत्तर देणार, हे सुगंधाला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला तात्पुरतं काम कधी खपलंच नव्हतं. एक कौल फुटलं, तरी तो सगळी ओळ बदलायचा.

भिकाजीने गंजलेल्या लोखंडावर अंगठा दाबला. पापुद्रा गळून पडला.

"जोड मार," तो म्हणाला. "वर्षभर पुरे."

डॉक्टरांनी सुगंधाला एकटीला बाजूला घेऊन त्याची जी मुदत सांगितली होती, तीही तेवढीच होती. पोटात साधा अल्सर आहे, असं ती त्याला सांगत आली होती, आणि तो मुकाट्याने गोळ्या घेत होता.

"नवीच टाक रे, नझीर," ती घाईने म्हणाली.

"तुला कुठे चालवता येतो गो टेम्पो?" भिकाजीने हळूच विचारलं.

भररस्त्यात बायकोचा हात भिकाजीने कधी धरला नव्हता. आज मात्र तिचा हात धरून तो स्टँडकडे चालू लागला. आता लपवायचं काहीच उरलं नव्हतं, म्हणून ती रस्ताभर मोकळेपणी रडली.